ओमनी तुझ्या हाती देताना

बेळगाव,
रोहिणी नक्षत्र

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

रविवारी गाडी घेऊन जाणार म्हणालीस. मृग तोंडावर आलाय, आणि तुझी वाट जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीची. म्हणून हे आजच लिहून देतो. गॅरेजात दाखवायला कागद हाताशी असलेला बरा.

पार्टची काळजी करू नकोस. मारुतीनं ही गाडी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनवली, त्यामुळे तालुक्याच्या गावीसुद्धा तिचं सामान मिळतं. काळजी करायची ती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली झाकलेलं. तिथं वारा खेळत नाही आणि पाणी गळायला लागलं तरी लगेच दिसत नाही. या गाडीची इंजिनं बहुतेक तापूनच जातात.

रोज सकाळी, गाडी थंड असताना, रेडिएटरच्या रिझर्व्ह टाकीतली पाण्याची पातळी बघ. आठवड्यातून एकदा रेडिएटरचं झाकणही उघड. टाकी भरलेली असून रेडिएटर रिकामा असू शकतो. झाकणाचं रबर कडक झालं की आत दाब राहत नाही. मग पाणी लवकर उकळतं, टाकीत जातं आणि परत ओढलं जात नाही. झाकण स्वस्त आहे, नवंच घाल. गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही, वाफ थेट तोंडावर येते.

आत बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. निम्मं कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, दोन वर्षांनी सगळं काढून नवं भरायचं. भरताना घाई केली की आत हवा अडकते आणि भरलेली गाडी पुन्हा तापते. हळूहळू ओत, झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू ठेव, बुडबुडे थांबेपर्यंत वर भरत राहा, मग झाकण लाव. रबरी होज पाइप क्लिपच्या जवळ दाबून बघ. बोटाला चिरा लागल्या किंवा पाइप फुगून मऊ झाला असेल तर पावसाच्या आधी बदल.

गाडी तापते म्हटल्यावर काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकतात. तू काढू देऊ नकोस. तो नसला की इंजिन सकाळी नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवायचा. रेडिएटरचा पंखाही एकदा तपास: गाडी उभी ठेवून इंजिन तापू दे, तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या थोडा वर जाताच पंखा फिरायला हवा.

घाटात काटा वर चढला तर लगेच कडेला घे. बोनेटसारखं उघडायला काही नाही, म्हणून दारं उघडी टाक आणि अर्धा तास थांब. ओमनीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि हेड, म्हणजे त्यावरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं. उष्णतेनं दोन्ही सारखे वाढत नाहीत, हेड वाकतं आणि दोन्हींच्या मधली पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, फुटतं. मग एक्झॉस्टमधून पांढरा धूर सुटतो, पाणी कारण नसताना कमी होतं, डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल ताकासारखं दिसतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडी साय दिसते, ती दमटपणाची, तिला घाबरू नकोस. डिपस्टिकवर दिसली तरच गाडी बंद ठेव. हेड काढायची वेळ आलीच तर उद्यमबागेत मशिनशॉपची कमी नाही. तिथं सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघायला सांग. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फेसिंग करून, म्हणजे हेड घासून सपाट करून, घ्यायचं. नुसतं नवं गॅस्केट टाकून बसवलं तर महिन्यात परत फुटेल.

ऑइल ५,००० किलोमीटरला फिल्टरसकट बदल. तीन लिटर आण, पण एकदम ओतू नको; डिपस्टिकच्या वरच्या खुणेला आलं की थांब. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो जुनाच धरून चाल आणि बदल.

पेट्रोलचंही सांगतो. आपल्याकडच्या उसाचं इथेनॉल आता पंपावर २० टक्के मिसळून येतं. जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइप त्यानं लवकर कडक होतात. सीटखाली वास आला तर तो पाइप त्याच दिवशी बदल, कारण गरम इंजिन शेजारीच आहे.

घाट उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेव, ब्रेकवर बसू नकोस. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं. गिअर टाकताना मागून 'टक' आवाज आला तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, सांधा (क्रॉस) गेलाय.

आता गंजाचं. सरकत्या दाराच्या खालच्या काठाला पाणी जायची बारीक भोकं आहेत. चिखलानं बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून खातं. जाड तार घालून मोकळी कर. दार सरकतं ती रेल ब्रशनं झाड, केरोसीनचा बोळा फिरव आणि थोडंच ग्रीस लाव. जास्त लावलं की धूळ चिकटून रोलर अडतो. पायाखालची मॅट आठवड्याला उचलून बघ, खाली ओल असेल तर काचेचं रबर गळतंय.

गाडीत फॅनबेल्ट, दोन होज क्लिप, एक प्लग आणि पाच लिटर कूलंट मिसळलेलं पाणी ठेव. कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, तेव्हा जांबोटीला थांबून पाणी बघ आणि तिथूनच फोन कर.

तुझे,
आप्पा