मनू जहाजावर जायचं म्हणते

प्रिय बंड्या,

तब्येती ठीक आहेत. सुमाची पाठ तशीच, माझी साखर आटोक्यात. पुढे.

उद्या पहाटे आमचं जहाज धक्क्याला लागेल. आज वाटेत बंदर नाही, दिवसभर नुसतं पाणी. रात्री अकराच्या आत रंगीत पट्ट्या लावून बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या आहेत, त्यामुळे सुमाने सकाळीच आवरायला घेतलं. मी डेकवर सावली गाठून तुला लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला हसत सुटला असतास आणि मुख्य गोष्ट राहून गेली असती.

मनू जहाजावर जायचं म्हणते. सुट्टीला नाही, डेक कॅडेट म्हणून, जहाजावरची अधिकारी व्हायचं शिकायला.

आज सकाळी थिएटरात जहाजावरच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम होता. लोकांनी नेहमीचंच विचारलं, प्यायचं पाणी कुठून येतं, वादळात काय करता. आमची बया उठली आणि म्हणाली, रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, झोप कशी आवरता? सेकंड ऑफिसर एक तरुण मुलगी आहे. तिचा चेहराच उजळला. म्हणाली, जिथून जहाज चालवतात त्या ब्रिजवर रात्री अंधार ठेवतात, डोळे त्याला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि एकदा सरावले की इतकं दिसायला लागतं की झोपावंसं वाटत नाही. बंड्या, हे मी आधी कुठे ऐकलंय? पहिल्यांदा जहाजावरचं कॉन्ट्रॅक्ट संपवून, साईन ऑफ होऊन आलास तेव्हा शऱ्याच्या गच्चीवर तू हेच सांगत होतास, आणि आम्हाला झोपू देत नव्हतास!

कार्यक्रम संपल्यावर मनूने तिला गाठलंच. मग आमच्याकडे येऊन सरळ सांगून टाकलं. तिची तयारी बरीच आधीपासूनची दिसते. रोज दुपारी कॅप्टन स्पीकरवरून जागा आणि वेग सांगतो, ते ती वहीत लिहून ठेवत होती. आज सतरा नॉट. एक नॉट म्हणजे तासाला १,८५२ मीटर, म्हणजे सतरा नॉट झाले ताशी साडेएकतीस किलोमीटर, हे तिने मला तोंडी करून दाखवलं. उद्या पोचायची वेळ ठरलेली आहे म्हणून आज जहाजाला घाई नाही, हेही तिनेच सांगितलं.

मी म्हटलं, जगातल्या दर्यावर्दींत बायका किती? तिच्याकडे तोही आकडा तयार. २०२१च्या अहवालात १.२८ टक्के. "म्हणून तर, बाबा." मग राधिका मेनन. जून २०१५मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून त्यांनी सात मच्छीमारांना वाचवलं, आणि त्यासाठी २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या महिला कॅप्टन. हे सगळं ती एका दमात बोलली. मला अभिमान वाटत होता आणि पोटात गोळाही आला होता.

भीती वादळाची नाही. आमची केबिन आवरणारा पोरगा आहे ना, तो कॉन्ट्रॅक्टवर असतानाच त्याला मुलगी झाली. फोनवर तिचे व्हिडिओ दाखवतो. उद्या सकाळी आम्ही उतरणार, दुपारी त्याच पलंगावर नवी माणसं, आणि हा घरी जाणार अजून काही महिन्यांनी. मनू म्हणते, बंडूकाकाच्या वेळी फोन नव्हते, आता रोज बोलता येतं. खरं आहे. पण बाळ फोनवर रांगताना दिसतं, त्याच्याकडे रांगत येत नाही.

आणि मला तुझे नाना आठवतात.

नाना गेल्याचा निरोप रेडिओवरून आला तेव्हा तू भर पॅसिफिकमध्ये होतास. घरी पोचलास तोवर सगळं उरकलं होतं. कॅप्टनने सांगितल्यावरही तू आठ ते बाराचं वॉच पुरं केलंस, कारण पाळीला उभे राहणारे अधिकारी, म्हणजे मेट, तीनच आणि वॉचही तीन, तुझ्या जागी उभं राहायला चौथा माणूसच नव्हता. हे तू फक्त मला सांगितलंस. मी सुमालाही बोललो नाही, मनूला तर नाहीच. ते तुझं आहे. पण बंड्या, तिला ते तूच सांगावंस असं मला फार वाटतं. तिला घाबरवायला नको. ती जाणार असेल तर हे ठाऊक असून जावी, एवढंच. आणि अंधाऱ्या ब्रिजवरून दिसणाऱ्या ताऱ्यांचंही सांग, तेवढ्याच मनापासून. एकच बाजू सांगितलीस तर तिला लगेच कळेल, ती सुमाची मुलगी आहे.

सुमा बोलत नाही. मनूचा स्वेटर बॅगेत ठेवते, काढते, पुन्हा घडी घालते.

माझ्या लग्नाला तू आला नाहीस म्हणून मी वर्षभर अबोला धरला होता. तो राग अजून शिल्लक आहे, सांगून ठेवतो. फोटोत तुझी जागा शऱ्याने व्यापली, आणि तो एकटा दोघांएवढा! उद्या मनूच्या लग्नाला मनूच समुद्रात असली तर? हसू नकोस, दुपारभर माझ्या डोक्यात हेच चाललंय.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? ओंकारला नोकरी लागल्याचं शऱ्याकडून कळलं, त्याला शाबासकी दे. छताची गळती थांबली का?

मनू तुला रविवारी संध्याकाळी फोन करेल. आम्ही दोघं त्या वेळी बाहेर जाऊ, म्हणजे तुम्हाला मोकळं बोलता येईल. प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात संपते, तेव्हा फोन जवळ ठेव आणि उचल.

तुझा,
विनू