संगणकावरील प्लेअरविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी रात्री फोनवर तुम्ही विचारलेत की दिवाळीत आले असताना मी संगणकावरचे दोन प्लेअर काढून टाकले ते कशासाठी, आणि जे ठेवले तेच का ठेवले. अशा गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत. तुमच्या पडद्यावर त्या क्षणी काय दिसते आहे ते मला दिसत नाही, आणि मी सांगितलेले बटण तुम्हाला सापडेपर्यंत पुढचे वाक्य निसटून जाते. म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. पत्र संगणकाच्या खणातच ठेवावे, म्हणजे ऐन वेळी हाताशी राहील.

आपल्या संगणकावर गाणी आणि व्हिडिओ लावणारे पाच प्लेअर झाले होते. सेल्युलॉइड आणि रिदमबॉक्स हे दोन लिनक्स मिंटबरोबरच, म्हणजे आपला संगणक ज्या कार्यप्रणालीवर चालतो तिच्याबरोबरच आले. व्हीएलसी मी गेल्या वर्षी टाकला होता. एसएमप्लेअर आणि क्लेमेंटाइन हे दोन मागच्या पावसाळ्यात, एक व्हिडिओ चालत नव्हता म्हणून, तुम्ही शेजारच्या मुलाकडून बसवून घेतलेत. यातला प्रत्येक प्लेअर स्वतंत्रपणे चांगलाच आहे. गोंधळ झाला तो पाचही एकत्र नांदू लागल्यामुळे. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्लेअरने उघडायची याची नोंद संगणक ठेवतो, आणि तुमच्याकडे ती नोंद विस्कटली होती. एमपीथ्री एकात उघडे, एमपीफोर दुसऱ्यात, आणि कॅसेटवरून उतरवलेल्या फ्लॅक फाइली तिसऱ्यात. प्रत्येकाची बटणे वेगळ्या जागी असल्यामुळे आईने तर संगणकाला हात लावणेच सोडून दिले होते, आणि हे मला सर्वांत जास्त लागले.

त्यातच ते दोनदा वाजणारे गाणे. तुम्ही स्पीकर बिघडला असे समजून तो दुरुस्तीला देऊन आलात, आणि दुकानदाराने 'यात काहीच खराबी नाही' असे सांगून परत दिला. भाऊबीजेच्या सकाळी मी तुमच्या शेजारी बसून नुसती पाहत राहिले तेव्हा कारण कळले. तुम्ही अभंगाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारलीत. हार्ड डिस्क जुनी असल्यामुळे चार-पाच सेकंद पडद्यावर काहीच हालले नाही. टिचकी लागली नसावी असे वाटून तुम्ही पुन्हा मारलीत. मग व्हीएलसीच्या दोन खिडक्या एकामागे एक उघडल्या आणि तोच अभंग दोन सेकंदांच्या अंतराने दोन्हीकडून सुरू झाला. मागची खिडकी पुढचीने पूर्ण झाकली होती, त्यामुळे ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. व्हीएलसीच्या 'टूल्स'मधील 'प्रेफरन्सेस'मध्ये, पहिल्याच पानावर, एका वेळी एकच प्रत चालू ठेवण्याची चौकट आहे. तिच्यावर मी खूण केली आहे. आता कितीही टिचक्या मारल्या तरी खिडकी एकच राहील. त्याच पानावर, अर्धवट राहिलेली फाइल पुन्हा लावली की सोडलेल्या जागेपासून सुरू व्हावी, अशीही सोय करून ठेवली आहे. आईचे कीर्तन दुपारच्या झोपेमुळे मध्येच थांबते, तिला आता सुरुवातीपासून शोधत यावे लागणार नाही.

आता निवडीबद्दल. काढले ते एसएमप्लेअर आणि क्लेमेंटाइन. एसएमप्लेअर आणि सेल्युलॉइड ही नावे दोन असली तरी तुमच्या संगणकावर दोन्हींच्या आत एमपीव्ही नावाचे एकच यंत्र काम करत होते. दुकाने दोन, पण माल एकाच गोदामातला. त्यामुळे एक काढल्याने काहीही कमी झालेले नाही. सेल्युलॉइड मिंटबरोबर आलेला आहे, हलका आहे, तो राहू दिला आहे. एखादी फाइल व्हीएलसीत अडली तर तिच्यावर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ'मधून ती सेल्युलॉइडमध्ये लावून पाहावी. एमपीव्ही मी स्वतः रोज वापरते आणि मला तो सर्वांत आवडतो, पण त्याचे जवळजवळ सगळे काम कळफलकावरून चालते. तुम्हा दोघांसाठी मेनू उघडून वाचता येईल आणि वाचून समजेल असाच प्लेअर हवा होता, म्हणून मुख्य प्लेअर व्हीएलसी. रस्त्याचे काम चालू असताना ठेवतात तो नारिंगी-पांढरा शंकू, तीच त्याची खूण.

बाबा, व्हीएलसीवर सरकारने बंदी घातल्याचे कात्रण तुम्ही जपून ठेवले होते आणि मला दाखवलेही होते. त्याची खातरजमा करून सांगते. २०२२ साली आपल्या देशात व्हीएलसीचे संकेतस्थळ अडवले गेले होते आणि ती अडवणूक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली. तेव्हाही ज्यांच्या संगणकावर व्हीएलसी होता त्यांचा तो चालूच होता. शिवाय आपल्याकडे तो त्या संकेतस्थळावरून येतच नाही. मिंट आणि उबंटू यांच्या सामायिक भांडारातून येतो, आणि त्याच्या सुधारणाही तिथूनच येतात. हा प्लेअर १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभा राहिला आणि २००१ पासून त्याची संहिता, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सर्वांसाठी खुली आहे. त्यामागची संस्था ना-नफा तत्त्वावर चालते आणि प्लेअरमध्ये जाहिराती नाहीत. तुमच्या जुन्या संगणकावर कोणत्यातरी पानावरच्या मोठ्या हिरव्या 'डाउनलोड' बटणावरून एक प्लेअर आला आणि त्याच्याबरोबर जाहिरातींचा लोंढा आला होता, ते आठवत असेल. म्हणून एक विनंती आहे. यापुढे काहीही बसवायचे असेल तर ते मिंटच्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधूनच बसवावे. संकेतस्थळावर काहीही लिहिलेले असो, तिथून उतरवू नये, आणि ज्या खिडकीचे कारण कळत नाही तिला पासवर्ड देऊ नये.

दादाच्या धाकट्याचा पोहण्याचा व्हिडिओ अडखळत चालतो, यावरून तुम्ही नवा संगणक घ्यायच्या विचारात होता. कृपया घेऊ नका. एमपीफोर हे नुसते डब्याचे नाव आहे. एकसारख्या दोन डब्यांपैकी एकात साखर आणि दुसऱ्यात मीठ असू शकते, तसे एकाच नावाच्या फाइलींच्या आत चित्र वेगवेगळ्या पद्धतीने दाबून भरलेले असते, आणि ते उलगडणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जुन्या व्हिडिओंमध्ये बहुधा एच.२६४ असते. दादाचा आयफोन मात्र एचईव्हीसी पद्धतीने भरतो, कारण तिच्यात तेवढेच चित्र बऱ्याच कमी जागेत मावते. आपल्या संगणकातला प्रोसेसर इंटेल कंपनीच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा आहे. एच.२६४ उलगडण्यासाठी त्याच्यात वेगळी सोय आहे, एचईव्हीसीसाठी नाही. इंटेलने ती सोय पूर्णपणे दिली ती २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीपासून. म्हणून ते सगळे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र मागे राहते. प्लेअर बदलून यात फारसा फरक पडत नाही, आणि शेजारच्या मुलाने दोन प्लेअर टाकूनही तो व्हिडिओ चालला नाही तो याचमुळे. तोच व्हिडिओ दादाने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला तेव्हा सुरळीत दिसला होता, कारण पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो नव्याने, एच.२६४ मध्ये, दाबून घेते. कोणत्या फाइलीत काय आहे ते पाहायचे असेल तर व्हिडिओ चालू असताना 'कंट्रोल' आणि 'जे' या कळा एकत्र दाबाव्यात. व्हीएलसी कोडेकचे नाव दाखवतो.

मी दादाशी बोलले आहे. त्याने फोनच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'कॅमेरा', त्यात 'फॉरमॅट्स' येथे जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले आहे, त्यामुळे यापुढचे व्हिडिओ चालतील. आधी आलेले हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅमने मी बदलायला लावले होते. ते रात्रभर चालू होते, आणि पहाटे आई पाणी तापवायला उठली तेव्हा शेवटचा संपला. बदललेल्या फाइली 'नातवंडे' या फोल्डरमध्ये आहेत. मूळ फाइलींना मी हात लावलेला नाही.

आई, आता तुझ्यासाठी. संवाद ऐकू येत नाहीत आणि संगीत सुरू झाले की एकदम दचकायला होते, अशी तुझी तक्रार होती. चित्रपटात हलका आणि मोठा आवाज यांत अंतर फार ठेवलेले असते. मोठ्या पडद्याच्या सभागृहात ते शोभते, पण आपल्या माजघरात आणि तुझ्या उजव्या कानाला ते सोसत नाही. व्हीएलसीत 'टूल्स' मेनूखाली 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स' आहे, त्यात 'कम्प्रेसर' मी चालू करून, जपून ठेवण्याचे बटण दाबून ठेवले आहे. त्याने मोठा आवाज दाबला जातो आणि हलका थोडा वर येतो. तू परवा म्हणालीस की आता बोलणे कळते, तेव्हा मला फार बरे वाटले. आवाजाची पट्टी शंभराच्या पुढे सव्वाशेपर्यंत जाते, पण तिथे आवाज फाटतो, म्हणून शंभरावरच थांबावे आणि कमी पडला तर स्पीकरचे बटण वाढवावे. बुवा भरभर बोलत असतील तेव्हा उघडत्या चौकोनी कंसाची कळ एकदा-दोनदा दाबावी. गती किंचित कमी होते आणि स्वर मात्र तोच राहतो. बरोबरच्या चिन्हाची कळ दाबली की गती पूर्ववत होते. ही एकच गोष्ट तू पाठ केलीस तरी पुष्कळ झाले.

गाण्यांसाठी रिदमबॉक्स वेगळा का ठेवला, याचे उत्तर बाबांच्या कॅसेटमध्ये आहे. मिरजेच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभांचे, रात्र रात्र जागून, टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून बाबांनी केलेले ते ध्वनिमुद्रण आपल्या घरातील सर्वांत मोलाचा ठेवा आहे असे मी मानते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ती न दाबता उतरवली तर पावणेपाचशे एमबी होते आणि फ्लॅकमध्ये साधारण निम्मी. फ्लॅकमध्ये काहीही गळत नाही, म्हणून जागा अधिक गेली तरी मी तोच प्रकार धरला. एमपीथ्रीत ती चाळीसेक एमबीत मावली असती, पण तानपुऱ्याचा झंकार आधीच फितीने थोडा खाल्लेला आहे, त्यात आणखी घालवायचे माझ्या जिवावर आले.

रिदमबॉक्स फाइलीच्या नावाकडे पाहत नाही, फाइलीच्या आत लिहिलेल्या नोंदी वाचतो. त्या कोऱ्या असल्यामुळे बाबांना सगळीकडे 'अननोन' दिसत होते. गाणे निवडून उजवी टिचकी, मग 'प्रॉपर्टीज' उघडले की या नोंदी भरता येतात. एका सभेची सगळी गाणी एकदम निवडली तर सभेचे नाव आणि वर्ष एकदाच लिहावे लागते. देवनागरीत लिहिले तरी चालते, आणि तसेच लिहावे. गायकाच्या जागी गायक, अल्बमच्या जागी सभा आणि साल. 'जॉनर' हा रकाना पाश्चात्त्य संगीताच्या प्रकारांसाठी आहे. तिथे मी राग लिहिला आहे. त्यामुळे आता वरच्या यादीत यमन, भूप, मारवा, जोगिया अशी नावे दिसतात, आणि यमनवर टिचकी मारली की वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या गळ्यांचे सगळे यमन एकाखाली एक येतात. बाबा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुम्ही असे तीन यमन ओळीने ऐकलेत आणि दुसऱ्याच्या मध्येच डोळे मिटून बसलात, ते मी दारातून पाहत होते. क्लेमेंटाइनमध्येही हे जमले असते. पण दोन प्लेअरमध्ये दोन याद्या झाल्या की कोणती खरी ते पुन्हा शोधत बसावे लागते.

बाकी थोडेच राहते. खालच्या पट्टीतील ढालीच्या खुणेवर ठिपका दिसला की सुधारणा आल्या आहेत असे समजावे आणि त्या बसू द्याव्यात. आपल्या मिंट २२ ला त्या एप्रिल २०२९ पर्यंत मिळणार आहेत. कॅसेटच्या फाइलींची एक प्रत काळ्या बाह्य डिस्कवर आहे, दुसरी मी बरोबर आणली आहे. ती डिस्क कपाटातच असू द्यावी, रोज जोडू नये.

अकरा बाजूंच्या नोंदी अजून अपुऱ्या आहेत, कारण राग मला ओळखता आले नाहीत. आईच्या जुन्या निळ्या वहीत सभांची टिपणे आहेत असे बाबा म्हणाले होते. आई, ती वही सापडली तर रोज एक बाजू रिदमबॉक्समध्ये लावून दोघांनी मिळून ऐकावी आणि राग, गायक आणि तबल्यावर कोण होते ते वहीच्याच मागच्या पानावर लिहून ठेवावे. संक्रांतीला येईन तेव्हा आपण बसून भरू. मारव्याच्या त्या कॅसेटची दुसरी बाजू मधोमध अडकते आहे, ती तोपर्यंत टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. आईने कानाची तपासणी पुढे ढकलू नये.

तुमची लेक