गिरणी विकायची, तर चालती विका

टोरंटो

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आईशी फोनवर बोलणं झालं. मसाल्याची गिरणी विकायचं तुम्ही मनावर घेतलंय हे ऐकून वाईट वाटलं, पण तुमचे गुडघे पाहता निर्णय बरोबर आहे. माझा आग्रह एकच, बयाणा घ्यायची घाई करू नका. गिरणी घ्यायला आलेल्या गृहस्थांनी सांगितलेला आकडा नुसता लालबागमधल्या गाळ्याचा आहे. कांडपाचा, मसाल्याचा, आजोबांच्या वेळेपासून येणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यात एक रुपयाही धरलेला नाही.

आणि गाळा तरी कुठे आपल्या मालकीचा? पगडीचा, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्यानं घेतलेला. आपल्या हातात आहे तो भाडेहक्क. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो सोडताना पैसे घ्यायची मुभा दिली आहे, पण घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय तो दुसऱ्याला देता येत नाही, आणि मालक आपला हिस्सा मागणारच. त्यात भाडेपावती अजून आजोबांच्याच नावावर आहे. ते गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गिरणीवर तुम्हीच बसत होता, हक्क तुमच्याकडे आला हे दाखवायला ही आपली मोठी जमेची बाजू. त्या काळातली विजेची बिलं, गुमास्ता लायसन (दुकानाच्या नोंदणीचं), जे सापडेल ते एका फायलीत लावा. आत्यांच्या कानावरही आधीच घाला. बाहेरून कळलं तर मनं दुखावतील आणि ऐन सहीच्या वेळी घोडं अडेल.

मी इथे ज्या हिशेबाच्या ऑफिसात आहे, तिथे दुकान घेणारा पहिल्यांदा गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागतो. लालबागचा घेणाराही मागेल. मार्च ते मेची झुंबड आणि श्रावणातला शुकशुकाट, दोन्ही त्याला कागदावर दिसू दे. म्हणून येता सीझन पार पडू द्या. कांडपाची मजुरी, तयार मालवणी मसाल्याची विक्री, बेडगी-संकेश्वरी मिरचीची खरेदी, सगळं रोजच्या रोज लिहा. गल्ल्यात आलं पण वहीत चढलं नाही, त्याचे पैसे कोणी मोजत नाही.

खरं मोल तुमच्या हाताचं आहे, बाबा. धणे भाजताना तुम्ही घड्याळ बघत नाही, चार दाणे तळव्यावर चोळता, वास घेता आणि म्हणता, "उतरव." आपल्या मिरचीत दुसरीची मिसळू नये म्हणून बायका डबा धरून यंत्रासमोर उभ्या राहतात, पण भाजायचं काम डोळे झाकून तुमच्यावर सोडतात. हे शिकवायला तुम्ही दोन-तीन महिने बसाल असं करारात घाला, त्याचे पैसे वेगळे ठरवा. प्रमाणं आईकडून लिहून घ्या, पण व्यवहार पक्का होईपर्यंत कुणाला दाखवू नका. आजोबांनी ठेवलेलं नावही ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाका. मसाल्याचा वर्ग ३०, ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. वेळ लागतो, म्हणून आत्ताच.

जीएसटी नंबर तुमच्या पॅनवर आहे, तो घेणाऱ्याला चालणार नाही. त्यानं स्वतःचा काढायचा. मसाल्याचा फूड लायसनही त्याचा त्यानंच. मात्र चालता धंदा सगळाच्या सगळा दिला तर त्या व्यवहारावर जीएसटी लागत नाही. यंत्र वेगळं, माल वेगळा असा विकला तर लागतो. सीएंना हे नक्की विचारा.

यंत्रावरच्या काकांचं काय? दहाच्या आत माणसं असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटी बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. तरी दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार धरून त्यांचे पैसे आधी बाजूला काढा, आणि घेणारा त्यांना ठेवणार का, ते समोर बसवून विचारा. पोरींच्या लग्नात ते आपल्या घरचे म्हणून राबले आहेत. आकडा थोडा कमी आला तरी चालेल, पण त्यांना ठेवणारा माणूस बघा.

रविवारी सकाळी, तुमची पूजा आटोपली की फोन करते. तोवर भाडेपावतीचा फोटो पाठवा. आईला नमस्कार.

तुमची लेक