पक्ष्यांच्या पोटातले प्लास्टिक आणि आपली बंदरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उत्तर अटलांटिकवर वावरणारा फुलमार हा पक्षी समुद्राच्या पृष्ठभागावरूनच अन्न टिपतो आणि पोटात गेलेली कठीण वस्तू त्याला सहजी बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे बाटल्यांच्या झाकणांचे तुकडे, दोरीचे धागे, कारखान्यांत वापरले जाणारे प्लास्टिकचे दाणे त्याच्या जठरात साचत जातात. उत्तर समुद्राकाठचे देश म्हणूनच किनाऱ्यावर मरून पडलेल्या फुलमारांची पोटे तपासतात. पोटात ०.१ ग्रॅमहून अधिक प्लास्टिक असलेल्या पक्ष्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आणणे, हे त्यांचे उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे फुलमार नसला, तरी हिवाळ्यात हर्णै बंदरात उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांपैकी काही थेट रशियाच्या टुंड्रा प्रदेशातून आलेले असतात. लिलाव आटोपल्यावर टाकाऊ मासळीवर ते तुटून पडतात, आणि त्याच ओल्या वाळूत नायलॉन जाळ्यांचे हिरवे-निळे तुकडे, पिशव्यांच्या चिंध्या माशांच्या आतड्यांत गुंतून पडलेल्या असतात. हे पाहवत नाही. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, पण फाटकी जाळी टाकायची कुठे, हा मच्छीमारांचा प्रश्न रास्त आहे.

प्रत्येक बंदरावर जुनी जाळी जमा करण्याची सोय शासनाने करावी. तसेच पावसाळी वाऱ्यांनी किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या मृत समुद्रपक्ष्यांची पोटे वनविभागाने रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाच्या साहाय्याने दरवर्षी तपासून त्यांचे निष्कर्ष जाहीर करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. दापोली