पेढे सर्जनना मिळाले, हे पत्र तुम्हाला

आहारतज्ज्ञ मॅडमना,
सप्रेम नमस्कार.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला दहा महिने झाले. भेटेल तो विचारतो, "कुठल्या डॉक्टरांनी केलं?" तुमचं नाव कुणी विचारत नाही. पेढेसुद्धा सर्जनना गेले (वजनाच्या डॉक्टरांना पेढे, हे डोकं माझंच). म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

तुमच्याकडे आले तेव्हा वजन ११८ किलो, उंची पाच फूट दोन इंच आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू. त्याआधी एका दवाखान्यात "तोंडावर ताबा ठेवा, बाई" एवढं ऐकून परत आले होते. तुम्ही छापील कागद काढलात, त्यात रोज अंड्याचा पांढरा भाग होता. मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. तुम्ही काही न बोलता कागद उलटा केलात आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीने पहिल्यापासून लिहायला घेतलंत. तो कागद अजून माझ्या देवघराच्या खणात आहे. दोन वेळा साय काढलेल्या दुधात प्रोटीन पावडर, दुपारी घरचं पनीर आणि काकडी, चारला पातळ ताक, रात्री मुगाचं कढण आणि दुधीची नाहीतर पालकाची भाजी. दिवसाला ८०० ते ९०० कॅलरी, प्रथिनं ७० ग्रॅमच्या आसपास. भात, भाकरी, साखर १४ दिवस बंद.

मी चिडूनच विचारलं होतं, "पोट कापणारच आहात, मग आधी उपाशी कशाला मारता?" तेव्हा तुम्ही टेबलावरच्या पेल्यावर ओला स्पंज ठेवलात. पेला म्हणजे जठर, स्पंज म्हणजे यकृताचा डावा भाग. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरल्याशिवाय खालचं जठर दिसत नाही. चरबीने आणि साठवलेल्या साखरेने फुगलेलं यकृत जड होतं, ठिसूळही होतं. उचलताना रक्त येऊ शकतं, कधी दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं. मग तुम्ही स्पंज पिळलात, पथ्याने यकृत असंच आटतं म्हणालात. साठ्यातल्या दर ग्रॅम साखरेबरोबर शरीर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, म्हणून पहिल्या आठवड्यात काटा खाली आला तर नाचू नका, त्यात पाणीच जास्त असेल, हेही तेव्हाच सांगितलंत. तरी मी नाचले.

तारीख आली ती नेमकी पितृपक्षात. सासूबाई नाराज, पण सर्जनची वेळ तीच होती. म्हणजे पथ्य सुरू गणेश चतुर्थीला! तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की मोदकाच्या वासानेही रडू आलं. मीठ घातलेलं ताक घ्या म्हणालात, आणि साखर मोजायला लावलीत. ती खाली गेलेली निघाली, तर माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना तुम्हीच फोन करून गोळी कमी करून घेतलीत. ते मला सुचलंच नसतं. खाणं अर्धं आणि गोळ्या पूर्ण, असं चाललं होतं माझं.

गौरीजेवणाच्या दिवशी पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटल्या आणि एक फ्रीजच्या आडोशाला उभ्याने खाल्ली. दुपारभर जीव खाली-वर. शेवटी फोन केला.

"अख्खी?"

"हो. तुपासकट."

"बरं. रात्रीचं कढण चुकवायचं नाही. उपाशी राहून भरपाई करायची नाही, कळलं?"

एवढंच. तुम्ही रागावला असतात तर मी संध्याकाळी दुसरी खाल्ली असती, खरं सांगते.

आणि एकादशी! आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा, भगर. पावडर उपासाला चालते का, असं मी भीत भीत विचारलं. तुम्ही म्हणालात, "दूध नासवल्यावर वरचं पाणी उरतं ना? तशाच पाण्याची ही पावडर. दूध, ताक, पनीर तुम्हाला चालतं. फक्त कढण सोडा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकादशीला माझं वजन वाढलं नाही.

शेवटच्या आठवड्यात घास कढणासारखा होईपर्यंत चावायला शिकवलंत, जेवताना पाणी बंद केलंत आणि खोकल्याच्या औषधाचं ३० मिलीचं माप हातात देऊन घोट घोट प्यायचा सराव करून घेतलात. मला तेव्हा पोरखेळ वाटला. ऑपरेशननंतर जठराचा जेमतेम पाव भाग उरला, तेव्हा हाताला तो वेग आधीच ठाऊक होता. शेजारच्या खाटेवरच्या ताई एका दमात पाणी प्यायल्या आणि कळवळल्या.

१४ दिवसांत साडेपाच किलो उतरले होते. राउंडला आलेले सर्जन म्हणाले, "यकृत छान उचललं गेलं." मला तो स्पंज आठवला.

आज वजन ८४ आहे. पुढच्या महिन्यात बी-१२ आणि लोहाचे रिपोर्ट घेऊन येते. तुमचं ते माप परत आणणार होते, पण सासूबाई आता त्यातच काढा घेतात, आणि द्यायला तयार नाहीत.

तुमची,
सांगलीची माळकरी पेशंट