धुळीचा चौकोन पुसायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

या पत्रात तुमचं नाव येणार नाही. ‘नाव टाकलंस तर तुझा पुढचा पॅच उघडणारसुद्धा नाही,’ असा दम तुम्ही देऊन ठेवलाय. (पॅच म्हणजे कोडमधला बदल मांडणारी छोटी फाइल.) पण आभार मानायचे ते चारचौघांतच, म्हणून हे उघडं पत्र.

२०२३चा पावसाळा. सांगलीत माझी भाड्याची खोली, ४ जीबीचा जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि खिडक्या मांडणारा आयथ्री. एक्स या लिनक्सवरच्या चित्रप्रणालीत प्रत्येक खिडकी आधी पडद्याआड रंगवून घ्यायची, मग सावल्या-पारदर्शकतेसकट एकावर एक रचून पडद्यावर मांडायची, हे काम पिकॉम या प्रोग्रामचं, म्हणजे कंपोझिटरचं. मला नवीन खिडकी खालून सरकत यायला हवी होती. तुम्ही पिकॉमचा एक छोटा फोर्क, म्हणजे मूळ कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती, सांभाळता हे कळलं, सोर्स उतरवला आणि त्यातून चालणारा प्रोग्राम बनवायची (बिल्डची) तयारी करणारं मेसन चालवलं. एक ‘-डेव्ह’ पॅकेज (बिल्डला लागणाऱ्या फाइलींचं) टाकलं की मेसन पुढचं मागायचं. लग्नातल्या रुसलेल्या मामासारखं! शेवटी प्रत्यक्ष बिल्ड करणारं निन्जा एकदाचं शेवटपर्यंत पोचलं.

आणि काहीच बदललं नाही. खात्री करावी म्हणून कोडमध्ये सावलीचा रंग भडक लाल केला, पुन्हा बिल्ड केलं, तरी सावली काळीच. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर तुम्हाला फोन लावला. मी दहा मिनिटं कंपायलरला शिव्या घालत होतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत : ‘चालू कुठला पिकॉम आहे?’

आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) पिकॉमचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता, डेबियनच्या पॅकेजमधल्या जुन्या पिकॉमचा. माझा नवा पिकॉम ‘यूएसआर-लोकल’ या फोल्डरमध्ये गुपचूप पडून. एका स्क्रीनवर कंपोझिटर एकच बसू शकतो. मी टर्मिनलवरून नवा सुरू केला की त्याला खुर्ची भरलेली दिसायची आणि तो निघून जायचा. जाताना तसं सांगूनही जायचा. ती ओळ मी एकदाही वाचली नव्हती. तुम्ही हसला नाहीत, हे माझ्या लक्षात आहे.

खरी शिकवणी पुढे झाली. खिडकी सरकवायचा माझा पॅच तयार झाला, पण खिडकी वर येताना मागे सावलीच्या फरकाट्या सोडायची, कंगव्याचे दात उमटावेत तशा. तुम्ही म्हणालात, ‘यूज-डॅमेज बंद करून बघ.’ बिघडलेला तेवढाच भाग पुन्हा रंगवायची ती सोय. बंद केल्यावर फरकाट्या गायब, आणि पंखा मात्र घरघरायला लागला, कारण आता दर फ्रेमला सगळा पडदा नव्याने रंगत होता. म्हणजे रंगवणं बरोबर होतं, चूक ‘कुठे रंगवायचं’ या हिशेबात होती.

मग तुम्ही कपाटाचं सांगितलंत. कपाट सरकवलं की नवी जागा आपण झाडतो, पण जुन्या जागेवर जो धुळीचा चौकोन राहतो तो कोण पुसणार? मी फक्त खिडकीची नवी जागा ‘बिघडली’ म्हणून धरत होतो, ती जिथून निघाली ती जागा नाही.

तेवढ्याने भागलं नाही. रंगवताना जुनी जागा जोडली, तर फरकाट्या लुकलुकायला लागल्या, एका फ्रेमला आहेत, पुढच्या फ्रेमला नाहीत. रात्री दहानंतर, मुलांचा अभ्यास आटोपून, तुम्ही फोनवर दोन पाट्यांची गोष्ट सांगितलीत. एक पाटी प्रेक्षकांसमोर, दुसरीवर आपण लिहितो, मग अदलाबदल. हातात परत येणाऱ्या पाटीवर आत्ताचं चित्र नसतं, आधीच्या एखाद्या फ्रेमचं असतं. म्हणून मधल्या फ्रेममध्ये जे जे बिघडलं तेही दुरुस्त करावं लागतं, आणि त्यासाठी पिकॉम मागच्या काही फ्रेमची नोंद ठेवतो. मी जुनी जागा ऐनवेळी रंगवली होती, वहीत लिहिलीच नव्हती. १४० ओळींचा पॅच ११ ओळींवर आला. कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, मजकूर तुम्ही तीनदा परत पाठवलात : ‘काय केलंस ते डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) सांगतो, का केलंस ते तू सांग.’ तेव्हा राग आला होता, कबूल करतो.

आणखी एक. ‘हे मूळ पिकॉमवाल्यांना का सुचत नाही?’ असं मी एकदा तोऱ्यात म्हणालो होतो. तुम्ही मला मुख्य सी फाइलचा माथा वाचायला लावलात. प्रकल्पाचं नाव पिकॉम, पण तिथे अजून ‘कॉम्प्टन’ लिहिलेलं. खाली, एक्सकॉम्पएमजीआर या त्याहून जुन्या कंपोझिटरवर आधारित, कीथ पॅकार्ड, २००३. मग ख्रिस्तोफर जेफ्री, २०११ ते २०१३. कॉम्प्टनचं काम थंडावल्यावर त्याचा फोर्क झाला आणि २०१९मध्ये त्याला पिकॉम हे नाव मिळालं. ज्याला मी मूळ म्हणत होतो तोच फोर्कचा फोर्क निघाला, आणि आधीच्या कुणाचंही नाव कुणी खोडलेलं नव्हतं. मी गप्प बसलो.

२०२४मध्ये पिकॉमच्या १२व्या आवृत्तीत ॲनिमेशन आलं. कॉन्फिगमध्येच लिहायचं, पॅच नको. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही त्याच आठवड्यात निरोप पाठवलात : ‘आता मूळचाच वापर, माझा फोर्क सांभाळत बसू नकोस.’

वापरतोय. आयथ्रीच्या कॉन्फिगमधला तो पत्ताही बदललाय. तुमच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) माझ्या नावाची ब्रांच अजून दिसते, ती खुशाल पुसा. ११ ओळींचा पॅच मी माझ्याकडे उतरवून ठेवलाय. लाल सावलीचा कमिट मात्र त्याच ब्रांचमध्ये राहिलाय, तो कुणाला दाखवू नका.

तुमचा,
सांगलीचा तो फरकाट्यावाला