महिला व बालविकास मंत्र्यांस खुले पत्र : अनुताईंची ४७ वर्षे आणि अंगणवाडी सेविकेचे मानधन

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे माझ्याकडे पहिलीचा वर्ग असे. अंगणवाडीत रमलेले मूल आणि घरातून थेट वर्गात येऊन बसलेले मूल यांच्यातला फरक जूनच्या पहिल्या आठवड्यातच मला दिसत असे. एक मूल रांगेत उभे राहते, गाण्यावर टाळ्या धरते आणि खडू हातात घ्यायला कचरत नाही, तर दुसऱ्याला दाराशी थांबलेल्या आईचा पदर सुटत नाही. या फरकामागे ज्या बाईचे काम असते, तिच्याविषयी आणि तिच्या कामाला वाट घालून देणाऱ्या अनुताई वाघ यांच्याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि वर्ष उलटण्याआधीच त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य घरातल्या एका कोपऱ्यात संपत असे, पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि नोकरी सांभाळून पुढच्या परीक्षा देत राहिल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्याबरोबर त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी गेल्या, तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या. शहरातील बालशिक्षणात नाव मिळवलेल्या ताराबाईंनी त्या वयात खेड्यात नव्याने सुरुवात करावी, हे मला आजही थोर वाटते. (त्याच वर्षी त्याच परिसरात वारली आदिवासी शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हेही लक्षात ठेवावे, बालशिक्षणाचा हा प्रयोग काही शांत, निवांत मुलखात सुरू झालेला नव्हता.)

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले, पण वाड्या-वस्त्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात. ही मुले येत नसतील तर आपणच त्यांच्या अंगणात जावे, असे या दोघींनी ठरवले. आज आपल्या विभागाच्या प्रत्येक फलकावर असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या अनुभवातून रुजला. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांना ती परकीही वाटली असती, म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने अशा भोवतालच्या वस्तूंपासून साधने तयार झाली. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले.

कोसबाडला काय घडले हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या विभागाच्या आजच्या अडचणींची उत्तरे मला तिथे दिसतात. पाड्यावरची मोठी मुलगी शाळेत येत नव्हती, याचे कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असे. उपस्थिती वाढवा असे नुसते सांगून हा प्रश्न सुटणारा नव्हता, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी'ची रचना केली गेली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात, अशी तिघे भावंडे सकाळी एकत्र घरातून निघू लागली. जी मुले गुरे चारायला जात, ती गुरे सोडून येणार नव्हती. त्यांच्यासाठी शिक्षक साहित्य घेऊन कुरणावर गेले आणि त्या शाळेला 'कुरणशाळा' म्हटले गेले. दिवसभर कामाला जुंपलेल्यांसाठी रात्रशाळा चालली. प्रत्येक वेळी मूल का येत नाही याचे कारण त्याच्या दारात जाऊन समजून घेतले गेले आणि मग शाळेचा आकार त्याप्रमाणे बदलला गेला. यासाठी बुद्धी लागते, हे खरेच. पण त्याहून अधिक लागते ते एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे टिकून राहणे. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचे आईबाप कामासाठी स्थलांतर करून गेले आहेत आणि कोणते मूल कोणाच्या नजरेला बुजते, हे वर्ष-दोन वर्षांच्या मुक्कामात कळत नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर जवळजवळ १९ वर्षे अनुताईंनी हा भार पेलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. म्हणजे ज्या वयात माणसे कामातून बाजूला होतात, त्या वयात त्यांनी जोपासलेला शब्द सरकारी झाला आणि त्या मात्र आपल्या टेकडीवर काम करीतच राहिल्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोर्डी आणि कोसबाड मिळून ही ४७ वर्षे होतात.

या दीर्घ आयुष्याला आपण सगळे 'त्याग' म्हणतो. मंत्रिमहोदय, माझी तक्रार नेमकी इथे आहे. अनुताईंनी स्वतःसाठी जे आयुष्य निवडले, ते त्यांचे होते आणि त्यांच्यामागे एक संस्था व सहकारी होते. गावातल्या ज्या बाईने लेकरांची, सासू-सासऱ्यांची जबाबदारी सांभाळून सेविकेचे काम पत्करले, तिच्यावर तोच त्याग अटीसारखा लादता येत नाही. आपण अनुताईंची तसबीर लावतो आणि तिच्याखाली उभ्या असलेल्या सेविकेला सांगतो की तुझे काम ही 'सेवा' आहे, म्हणून तुला पगार नाही, मानधन आहे. मानधन हा शब्द एखाद्या दिवसासाठी बोलावलेल्या व्याख्यात्याला शोभतो. तीस-तीस वर्षे रोज सकाळी कुलूप उघडणाऱ्या बाईला तो लावणे मला खटकते. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेसाठी दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये असा दर ठरवला. राज्य त्यात आपली भर घालते, हे मान्य आहे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये याच महाराष्ट्रातल्या सेविकांना बेमुदत संपावर जावे लागले आणि तो पुढच्या महिन्यापर्यंत चालला. त्या दिवसांत अंगणवाड्यांची दारे बंद राहिली, याचे दुःख मला आहे. दोष मात्र मी त्या बायकांना देणार नाही.

कायद्याचेही पाहावे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचे पद हे शासकीय नागरी पद नाही असे म्हटले होते आणि त्या निकालाचा आधार पुढे बराच काळ घेतला गेला. पण २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने १९७२चा उपदान प्रदान अधिनियम सेविकांना व मदतनिसांना लागू होतो, असा निर्णय दिला आणि त्यांना मिळणारे मानधन हे या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, हेही स्पष्ट केले. या कायद्यानुसार (नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी हा नियम कायम राहिला) पाच वर्षे सलग सेवा झालेल्या व्यक्तीला प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान, म्हणजे आपण ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतो ते, देय झाल्यापासून तीस दिवसांच्या आत द्यावयाचे असते. तीस वर्षे एका पाड्यावर राहिलेल्या बाईच्या बाबतीत हा हिशेब करायला कोणत्याही समितीची गरज नाही. तिने अर्ज करावा, मग दाखले जोडावेत, मग प्रकल्प कार्यालयात खेटे घालावेत, ही वेळच तिच्यावर येऊ नये. सेवा संपण्याच्या दिवशी रकमेचा आदेश तिच्या हातात असावा, एवढे आपण आपल्या अखत्यारीत करू शकता.

दुसरी गोष्ट वेळेची. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अॅपमधली माहिती आणि वर निरनिराळी सर्वेक्षणे, हे सगळे तिच्याकडे आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याचे कामही तिच्याकडेच आले. यातले काही अत्यावश्यक आहे, हे मी नाकारत नाही. कुपोषित मुलाचे वजन वेळेवर घेतलेच पाहिजे. परंतु २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला असताना, त्यातली पहिली तीन वर्षे जिच्या हाती सोपवली तिला मुलांसमोर बसायलाच मिळत नसेल, तर त्या धोरणाचा पाया कागदावरच राहील. सकाळचे सलग दोन तास तिला केवळ मुलांसाठी मोकळे ठेवावेत आणि त्या वेळात कोणत्याही कार्यालयाने तिच्याकडून फोनवर माहिती मागू नये, असे परिपत्रक काढण्यासाठी तिजोरीतून काही खर्चही होणार नाही.

अनुताईंच्या नावे नवी योजना, नवा पुरस्कार किंवा पुतळा मी मागत नाही. येत्या १७ मार्चला त्यांच्या जयंतीचा कार्यक्रम होईल. तसबिरीला हार घालण्यापूर्वी, मागील वर्षभरात राज्यात किती सेविका आणि मदतनीस निवृत्त झाल्या आणि त्यांपैकी किती जणींना तीस दिवसांच्या आत ग्रॅच्युइटी मिळाली, हे दोन आकडे आपण स्वतः व्यासपीठावरून वाचून दाखवावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका